शिस्त अंगात आली, पण वागण्यात का उतरत नाही?

प्रश्न कराड तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा दीडेक वर्षापासून कुस्तीच्या मागे लागलाय. पहाटे साडेचारला कुणी हाक न मारता उठतो, तालमीत जातो, चहा सोडलाय, वडापाव-भेळ सोडलीय. गावात सगळे त्याचं नाव काढतात. घरात मात्र दूध कोमट झालं म्हणून पेला ढकलून देतो. आजीने एकच गोष्ट दोनदा विचारली की खेकसतो. धाकट्या बहिणीला येता-जाता 'आळशी' म्हणतो, आणि शेतावर काम करणाऱ्या, वडिलांपेक्षा वयाने मोठ्या असलेल्या गड्याला अरे-तुरे करतो. ताई विचारतात, शिस्तीने माणूस घडतो असं तुम्ही तालमीवाले सांगता, मग आमचा असा का? त्याची तालीम बंद करू का?

ताई, तालीम बंद करू नका, हे आधी सांगतो.

मी हायस्कूलला खेळाचा शिक्षक होतो, आणि शाळा सुटली की संध्याकाळी तालमीत पोरं शिकवायचो. नोकरी संपली, तालीम अजून चालू आहे. तुमच्या मुलासारखी पोरं मी पुष्कळ पाहिली. त्याने जे कमावलंय ते खोटं नाही. झोप मोडून उठणं, जिभेचे चोचले सोडणं, मांड्या भरून आलेल्या असताना उरलेल्या बैठका पुऱ्या करणं ही सोपी गोष्ट नव्हे. फक्त ती कमाई अजून त्याच्या एकट्याच्या अंगापुरती आहे. विहिरीला पाणी लागलं म्हणून पीक भिजत नाही, पाट काढावा लागतो. त्याचा पाट निघायचा राहिलाय. तो काढायचं काम थोडं वस्तादाचं, थोडं घराचं आणि बरंचसं त्याचं स्वतःचं.

पण चारित्र्याच्या गोष्टी बोलण्याआधी एक साधी चौकशी करा. तो झोपतो किती वाजता? साडेचारला उठणारा मुलगा रात्री साडेअकरापर्यंत मोबाइलवर कुस्त्यांचे व्हिडिओ बघत असेल, तर त्याची झोप पाच तासांची झाली. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, आणि मेहनत करणाऱ्याला त्यात काटछाट अजिबात परवडत नाही. झोप तुटलेलं पोर चिडचिड करणारच. तुम्हाला तो उद्धटपणा वाटतो, त्यातला काही भाग निव्वळ जागरण असतं. दुसरं, वजन. स्पर्धा जवळ आली की पोरं वजन तोडतात. जेवण अर्ध्यावर आणतात, पाणी कमी करतात, स्वेटर घालून पळतात. वाढीच्या वयात हे करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या वजनात अंग आपोआप बसतं त्या गटात खेळावं. उपाशी आणि तहानलेल्या माणसाशी कुणी गोड बोलायला गेलं तरी तो तोडूनच बोलणार. तिसरं, कुणाच्या सांगण्यावरून तो पावडरी किंवा इंजेक्शनं तर घेत नाही ना, हे शांतपणे विचारा. अंग पटकन भरावं म्हणून काही जण स्टेरॉइडच्या नादी लागतात. त्याने शरीराचं वाटोळं होतंच, डोकंही भडकतं. ही तीन कारणं निघाली तर आधी ती मिटवा. निम्मी कटकट तिथेच कमी होईल.

आता उरलेली निम्मी.

आपण किती सोसतो याचा हिशेब ज्याला तोंडपाठ असतो, तो माणूस घरच्यांना जड जातो. कडक उपास करणारी काही माणसं तुम्हीही पाहिली असतील. उपास एकाचा आणि ताप साऱ्या घराला. भगर वेळेवर झाली नाही की आवाज चढतो. तुमच्या मुलाच्या डोक्यातही असंच एक खातं उघडलेलं आहे. मी एवढ्या पहाटे उठतो, मी एवढं सोडलं, मग दूध गरम मिळालं पाहिजे, घरात माझा शब्द चालला पाहिजे. तो हे मनात ठरवून बोलत नसेल, पण वागणं त्या हिशेबाने चाललंय.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट येते. माणसाने जी खोड नुकतीच सोडलेली असते, ती दुसऱ्यात दिसली की त्याला सहन होत नाही. काल-परवापर्यंत आठ वाजता उठणारा मुलगा आज बहिणीला आळशी म्हणतो, कारण अजून रोज सकाळी त्याची स्वतःशी मारामारी चालू आहे. ज्याच्या अंगात ती सवय पुरती मुरली, त्याला कोण किती वाजता उठतं याची आठवणही होत नाही. म्हणजे त्याची ही टोचणी त्याची शिस्त कोवळी आहे हे दाखवते. वय वाढलं की ती आपोआप पिकेल, अशी आशा मात्र धरू नका. नावाजलेले, अंगाने दांडगे आणि जन्मभर बायकापोरांवर ओरडत राहिलेले पैलवानही आमच्या भागात होऊन गेले. त्यांना कुणी पुढच्या पायरीवर नेलंच नाही.

ती पुढची पायरी तालमीत रोज डोळ्यांसमोर असते. आमच्याकडे एक नव्वद किलोच्या आसपासचा गडी यायचा. जत्रांतून चांगल्या निकाली कुस्त्या केलेला. एका संध्याकाळी मी त्याला चौदा वर्षांचं, अंगाने काटकुळं एक पोर लढतीला दिलं. खडाखडी झाली, पोराने खाली झेप घेऊन पट धरला, म्हणजे याचा पाय पकडला. नव्वद किलोचं अंग नुसतं वर टाकलं असतं तर ते पोर मातीत चेपलं गेलं असतं. याने तसं केलं नाही. आपलं वजन त्याने मागच्या पायावर घेतलं, पोराच्या पाठीवर हात नुसता ठेवला, दाबला नाही. पोराचा पंजा गुडघ्याच्या वर सरकला होता. 'हात खाली घे, पोटरीला. आता डोकं बरगडीला लाव. हां, आता उठ.' पोर उठलं, हा अर्धा वळला, पोराला जोर लावू दिला, मग एका वळणाने सुटला आणि पुन्हा समोर उभा राहिला. मधेच थांबून त्याने पोराचा घासलेला कान बघितला, थोडी माती झटकली आणि पुन्हा हात पुढे केला. असं बराच वेळ चाललं. लढती सुटल्यावर तो बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता. मला म्हणाला, 'वस्ताद, जोडीच्या पैलवानाशी लढताना एवढी दमछाक होत नाही.'

व्हायचीच. जोडीच्या पैलवानावर सगळी ताकद सोडून देता येते. लहान पोराशी खेळताना ती क्षणाक्षणाला मोजून द्यावी लागते. याला किती झेपेल, इथे किती दाबलं तर दुखेल, किती सोडलं तर त्याला खोटं वाटेल, हे सगळं सतत ध्यानात ठेवावं लागतं. आत्मसंयम म्हणून आपण ज्याचा एवढा बोलबाला करतो, तो मला त्या लढतीत दिसला. जोर-बैठकांच्या आकड्यात तो दिसत नाही.

याच्या उलट एक मुलगा होता. मेहनतीला पहिला, वेळेचा पक्का. पण आपल्याहून हलकं पोर हाताखाली आलं की त्याला रगडायचा. मानेवर घुटना बसला, समोरच्याने हात आपटला, की सोडायचं असतं. हा सोडायचा, पण जरा उशिराने. एक क्षण जास्त. बघणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही असा. मी वस्ताद म्हणून पोरांना जोखतो ते त्या एका क्षणावर. डाव किती येतात, दम किती आहे, हे नंतर. समोरचा हरलाय, तुझ्या ताब्यात आहे, आता तू काय करतोस? घरात आजी आणि शेतात गडी, दोघंही तुमच्या मुलाला उलट बोलू शकत नाहीत. तिथे तोच क्षण लांबतोय.

त्या मुलाला मी शिव्या दिल्या नाहीत की चारचौघांत कान धरून उभा केला नाही. पावसाळाभर त्याला फक्त नव्या पोरांच्या जोडीला ठेवलं आणि सांगितलं, ह्या दोघांना पट आणि ढाक हे डाव शिकवायचे. आखाड पार पडला की मी त्यांची लढत लावणार, ती चांगली झाली तर ती तुझी कुस्ती धरणार. सुरुवातीला तो वैतागला. दोन दिवस आलाच नाही. मग आला तो तोंड पाडून. पण शिकवायचं म्हटलं की समोरच्याकडे बघावं लागतं. ह्याचा डावा पाय का मागे राहतो, तो पोर पडल्यावर लगेच का उठत नाही, हे त्याला दिसायला लागलं. एक पोर सकाळी काही न खाता येतं हेही त्यालाच आधी कळलं, मला नव्हे. त्यानंतर तो स्वतःच्या खुराकातले भिजवलेले बदाम मुठीत आणून त्याला द्यायला लागला. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुमच्या मुलाला पहिलं काम हे द्या. त्याच्या हाताखाली त्याच्याहून कच्चं कुणीतरी येऊ द्या. तालमीतलं पोर असो, नाहीतर गल्लीतली दोन बारकी मुलं शाळेच्या धावण्याच्या शर्यतीची तयारी करणारी असोत. मूल किती शिकलं यावर त्याची कमाई मोजा. तो स्वतः किती करतो, हे विचारणं काही दिवस सोडून द्या.

आमच्याकडे हौदातली, म्हणजे जिथे कुस्ती खेळतात तिथली, माती उकरायचं काम असतं. तांबडी माती, तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर पडतो, आणि ती रोज फावड्याने खालीवर करावी लागते, नाहीतर दगडासारखी बसते आणि पडणाऱ्याला लागते. पुष्कळ तालमींत हे काम नव्या पोरांच्या माथी मारतात. माती त्यांनी मारायची, झाडलोट त्यांनी करायची, वर मोठ्यांचं अंगही त्यांनीच रगडायचं. रीत जुनी आहे, पण ती अशी एकतर्फी चालवणं मला कधीच पटलं नाही. सेवा खालून वरच चालली तर वर बसलेल्याला हुकूम सोडायची सवय लागते, आणि तीच सवय तो घरी घेऊन जातो. जो आज पहिली लढत खेळणार, त्याने आज पहिलं फावडं मारायचं. दुसऱ्याच्या पाठीखाली जी माती येणार आहे ती आपण मऊ करायची. तुमच्या मुलाच्या तालमीत काय पद्धत आहे ते एकदा बघून या.

आपल्या भागात उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. तुमच्या कराडला लागून गोळेश्वर. खाशाबा जाधव तिथले, 1926 चा जन्म, शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलात. 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत बँटमवेट या हलक्या वजनगटात कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मला मुलांना सांगायला आवडतो तो त्याच्या आजूबाजूचा भाग. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. हेलसिंकीत एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर पुन्हा उभं केलं. नियमाने मधे विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ती कुस्ती गेली. गावी परतल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. आणि त्यानंतर या माणसाने काय केलं, तर कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, जिंकल्या आणि बक्षिसाची रक्कम खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवायला दिली.

हे मुलाला सांगाल तेव्हा मिरवणुकीवर थांबू नका. गळ्यात ऑलिंपिकचं पदक पडल्यावर माणसाला वाटू शकतं की आता जगाने आपलं देणं द्यावं. खाशाबांनी आपण कुणाचं देणं लागतो ते आधी पाहिलं. खातं त्यांच्याकडेही होतं, फक्त ते उलट्या बाजूने लिहिलेलं होतं. तुमच्या मुलाच्या खात्यात दूध तापवणारी आई जमेच्या बाजूला कुठेच नाही. साडेचारला तो उठतो, तर दूध तापवायला तुम्ही किती वाजता उठता? त्याला हे कुणी विचारलंय का? चिडून नव्हे, सहज विचारा. नाहीतर असं करा, आठवडाभर दूध त्यालाच तापवू द्या आणि आजीचा चहाही त्यालाच टाकू द्या.

दुसरं उदाहरण कडू आहे, पण तेही मी पोरांपुढे ठेवतो. 2025 साली अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचाच्या निकालावरून वाद झाला आणि एका नामवंत पैलवानाने पंचाची कॉलर धरून लाथ मारली. त्या स्पर्धेनंतर दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर होता की चूक, यावर लोक अजून भांडतात. मी त्यात पडत नाही. पंच चुकूही शकतो. वर्षानुवर्षं पहाटे उठलेला, घाम गाळलेला, उपाशी राहून वजन राखलेला माणूस त्या एका क्षणी स्वतःला आवरू शकला नाही, एवढंच मला त्यातून दिसतं. मेहनत खोटी नव्हती. त्या क्षणाची मेहनत झालेली नव्हती. आम्ही वस्ताद लोक पोरांना हरायची मेहनत फार कमी देतो, हा आमच्या धंद्यातला मोठा दोष आहे. म्हणून मी मुद्दाम कधीकधी सरावात पंच म्हणून चुकीचा गुण देतो आणि कोण काय करतो ते बघतो. पोरं आरडाओरडा करतात, करू देतो. मग पुन्हा सलामीला उभं करतो.

चाफळला कधी गेलात तर मुलाला बरोबर न्या. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी दोन तिथे आहेत. राममंदिरासमोर आहे तो दास मारुती, हात जोडून उभा. मंदिराच्या मागे आहे तो प्रताप मारुती. दर शनिवारी तालमीत मारुतीला तेल घालणारी पोरं शक्तीचा मारुती बरोबर ओळखतात. रामासमोर हात जोडलेला मारुतीही तोच, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. मी त्यावर काही बोलत नाही, दोन्हीकडे नेतो आणि परत आणतो.

शिस्त दुसऱ्याबरोबर राबूनच वागण्यात उतरते, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी फार आधी ओळखलं होतं. ते स्वतः तरुणपणी कुस्तीचे शौकीन. 1919 साली तुमच्याच तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 मध्ये सातारला वसतिगृह काढलं, आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राबायची, एकत्र रांधायची, एका पंगतीला जेवायची. खर्चाची तोंडमिळवणी होईना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. 'समतेने वागा' असं भाषण देऊन त्या काळच्या मराठा, जैन, ब्राह्मण घरातला मुलगा महाराच्या, मांगाच्या मुलाशी नीट वागला असता का? मला नाही वाटत. पण त्याने थापलेली भाकरी याने खाल्ली, दोघांनी मिळून लाकडं फोडली, आजारपणात एकाने दुसऱ्याच्या उशाशी रात्र काढली, की वागणं बदलतं. शिस्त होती आणि ती कडक होती, पण ती दुसऱ्यासाठी आणि दुसऱ्याबरोबर होती. माझ्या मते रयतचं खरं शिक्षण वर्गाबाहेर, चुलीपाशी झालं.

मुलींचंही बोलतो, कारण तुमचा मुलगा बहिणीला टोचून बोलतो. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आता खेड्यापाड्यातून मुली मॅटवर येतायत. मुलींचा सराव सुरू असताना कडेला बसून हसणारी, शेरे मारणारी पोरं मी बाहेर काढत नाही, त्यांना पाणी भरायला आणि मॅट पुसायला लावतो. समोर चाललेली मेहनत तासभर गपचूप बघावी लागली की बहुतेकांची तोंडं आपोआप बंद होतात. तुमच्या घरात बहीण कोणत्या गोष्टीत कष्ट घेते, हे त्याला माहीत आहे का? ती चित्रं काढत असेल, गणितात पुढे असेल, घरातली भांडी घासून मग अभ्यासाला बसत असेल. त्याला तिच्या मेहनतीचा साक्षीदार करा.

आता गड्याचं. हे थोडं अवघड बोलतो, ताई, राग मानू नका. मुलगा गड्याला अरे-तुरे करतो, तर ते तो कुठे शिकला? आपल्याकडे शेतावरच्या माणसाला, मग तो साठीचा का असेना, एकेरी हाक मारायची वहिवाट आहे. बीडकडून ऊसतोडीला जोडपी येतात, थंडीत उघड्यावर पालं टाकून राहतात, अंधारात कोयता घेऊन फडात शिरतात. तुमचा मुलगा उठतो त्याच्याही आधी ती माणसं उठलेली असतात. त्यांच्याशी गावातली चांगली शिकलेली, देवभक्त, निर्व्यसनी माणसं कशी बोलतात ते ऐका. मुलगा तेच ऐकत मोठा झालाय. तालमीत मी त्याला कितीही शिकवलं आणि घरी वडील गड्याला 'ए' म्हणून हाक मारत असतील, तर वडीलच जिंकणार. तुमच्या यजमानांनी उद्यापासून त्या गड्याला 'मामा' किंवा 'तात्या' म्हटलं आणि जेवायला बसताना त्यांचं ताट आधी वाढलं, तर मुलाला एक शब्द सांगावा लागणार नाही. त्यांना जमणार नसेल तर मुलाकडूनही अपेक्षा ठेवू नका.

त्याच्या बोलण्याविषयी एक छोटा नियम आहे, तो माझ्या पोरांना लागू पडलाय. मेहनतीवरून आल्या आल्या बोलायचं नाही. छाती भात्यासारखी हलत असताना कुणी काही विचारलं की जे तोंडातून निघतं ते तुसडंच निघतं. हातपाय धुवायचे, पाणी प्यायचं, दम खाली बसू द्यायचा, मग बोलायचं. घरच्यांनीही तेवढा वेळ त्याला काही विचारायचं नाही. भांडणाच्या वेळी हीच सवय कामी येते. पोरांना दम राखायला आम्ही शिकवतोच, तो फक्त कुस्तीच्या फडापुरता राखायचा नसतो, एवढं त्यांना दाखवून द्यावं लागतं.

आणि त्याने पेला ढकलला, आजीवर ओरडला, तर सगळ्यांसमोर 'माफी माग' म्हणून हट्ट धरू नका. तो तोंडाने माफी मागेल आणि मनात तुमच्यावर आणखी एक रक्कम चढवेल. सांडलं ते पुसायला लावा. आजीचे पाय रात्री तेलाने चोळायला लावा, रोज, दहा मिनिटं. चोळता चोळता आजी बोलेल, तेच ते दोनदा विचारेल, आणि त्याला ऐकावं लागेल. पैलवानाच्या हाताला मालिश कळते, म्हाताऱ्या पिंढरीला किती जोर सोसतो हेही कळेल. मारू नका, वडिलांनाही मारू देऊ नका. सतराव्या वर्षी मार खाल्लेलं दांडगं पोर आपल्याहून दुबळ्याला मारायचंच शिकतं.

हे सगळं एका महिन्यात दिसेल असं धरू नका. चार-सहा महिने जाऊ द्या. मधे मागे-पुढे होईल. स्पर्धा हरला की परत खेकसेल. त्याने घरात कुणावर हात उगारला, वस्तू फोडायला लागला, किंवा झोप-जेवण तुटून दिवस दिवस गप्प बसायला लागला, तर मात्र हा शिस्तीचा प्रश्न राहत नाही. तेव्हा वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलीमानस म्हणून मोफत हेल्पलाइन आहे, 14416 वर फोन केला की मराठीतही बोलता येतं. पैलवानाला मनाचा आजार होत नाही असं मानणाऱ्यांचं ऐकू नका.

एक शेवटचं काम तुमच्याकडे. या आठवड्यात त्याच्या वस्तादांना भेटून या, आणि मुलाला बरोबर नेऊ नका. तक्रार म्हणून जाऊ नका. त्यांना दोनच गोष्टी विचारा. हा आपल्याहून हलक्या पोराशी कसा लढतो? आणि समोरच्याने हात आपटला की किती पटकन सोडतो? चांगला वस्ताद असेल तर त्याला तुमचा प्रश्न लगेच कळेल. दोन बारकी पोरं त्याच्या हाताखाली द्या म्हणावं, आणि माती उकरायची पाळी रोज त्याच्यावर ठेवा म्हणावं.